पंख्यावरचं कुलूप

१

मास्तर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मेला.

काचेच्या अलीकडे त्याचे विद्यार्थी होते, सरकारी पाहुणे होते, केंद्राचे संचालक होते. पलीकडे बॅटऱ्यांच्या कपाटांमध्ये मास्तर जमिनीवर पडला होता आणि त्याचे पाय हलत होते. दार उघडता येत होतं, ते उघडलंही होतं. पण खोलीत आग विझवणारा वायू भरला होता आणि श्वास घ्यायला हवा उरली नव्हती. जो पहिला आत धावला तो उंबऱ्यातच कोसळला. त्याला पाय धरून बाहेर ओढावं लागलं. हा वायू खेचून बाहेर टाकायला छताजवळ भलामोठा पंखा होता आणि त्याचा खटका दाराशेजारीच, कोणाचाही हात पोचेल असा. खटका दाबला असता तर मास्तर आज कदाचित दवाखान्यात पडून सगळ्यांना शिव्या देत असता.

खटक्यावर कुलूप होतं. ते कोणी तोडलं नाही. अग्निशमनवाले आले आणि त्यांनी ते कापलं, तोवर पाय हलायचे थांबले होते.

"म्हणजे तुम्ही सगळे नुसते बघत राहिलात?" तपासनीसने विचारलं.

कारखान्यांमधल्या अपघातांची ती सरकारी तपासनीस. पस्तिशीची, बोलायला तुटक, आणि मेलेल्या माणसापेक्षा जिवंत माणसांच्या हातांकडे जास्त बघणारी. दुसऱ्या गावचं काम अर्धं टाकून ती सकाळीच थेट इथे आली होती.

"मी इथे नवीन आहे हो," संचालक म्हणाले. गृहस्थ घामाने डबडबले होते. "हे कोळशाचं वीजकेंद्र होतं. सरकारने ते बंद केलं आणि याच लोकांना नव्या विजेचं काम शिकवायचं ठरवलं. सूर्याची, वाऱ्याची वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या सांभाळायच्या. सगळं छान चाललं होतं. पण यांचं ते कुलपांचं सोवळंओवळं! एकाच्या कुलपाला दुसरा हातसुद्धा लावत नाही."

"वायू मुळात सुटला कसा?"

संचालकांनी दाराबाहेरची एक खाच दाखवली. आत जाणाऱ्याने आपलं कार्ड तिथे खोचायचं. कार्ड खाचेत आहे तोवर यंत्र समजतं की आत माणूस आहे, आणि आगीचा कितीही इशारा दिला तरी वायू सोडत नाही. पाहुण्यांना तेच दाखवायला मास्तर मुद्दाम आत उभा राहिला होता. हसत हात हलवून त्याने इशारा द्यायला सांगितलं. आणि वायू सुटला.

"कार्ड?"

"खाली जमिनीवर पडलेलं मिळालं." संचालकांनी आवाज खाली आणला. "बाई, ते आपोआप पडलं असं तुम्ही लिहिलंत तर यंत्र सदोष ठरेल. देशभरातली अशी सगळी केंद्रं बंद होतील. हजारो माणसं घरी बसतील. पण कोणी काढलं असेल तर तो गुन्हा, आणि गुन्हेगार तर आपल्याकडे आहेच. पोलिसांनी कालच धरलाय."

पंख्याच्या खटक्याला एक लाल लोखंडी पट्टी लावलेली होती. एकाच यंत्रावर अनेकांना कुलपं लावता यावीत म्हणून तिला ओळीने सहा भोकं होती. मुठीजवळच्या पहिल्याच भोकात ते कापलेलं कुलूप अजून लोंबत होतं. त्याला अडकवलेल्या पत्र्यावर मालकाचं नाव ठोकलेलं होतं.

तपासनीसने ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. पिशवीतला फोन वाजत होता. सकाळपासून तो कितव्यांदा वाजत होता कोण जाणे; तिने आत्ता कुठे बघितलं. ताईचा होता.

नाव ताईच्या नवऱ्याचं होतं.

२

"धाकटे, ते बोलतच नाहीयेत गं," ताईने दारातच सांगितलं. तिचे डोळे सुजले होते. "कालपासून एक शब्द नाही. पोलीस म्हणतात, परीक्षेत नापास केलं म्हणून मास्तरचा जीव घेतला. अगं, हा माणूस मुंगी दिसली तर पाय बाजूला ठेवतो! तू विचार. तुला सांगतील."

तपासनीसने आपल्या साहेबांना फोन करून नातं सांगून टाकलं होतं. साहेब म्हणाले, "तुझ्या मताला आता काडीची किंमत नाही. पुरावा असेल तर तो मात्र कोणाचाही चालतो. संध्याकाळपर्यंत आण. नाहीतर पोलीस त्याला तालुक्याला हलवतील, मग वर्षंच्या वर्षं बसा."

चौकीत भाऊजी बाकावर बसले होते. अंगाने थोराड, मनाने गरीब, बॉयलरच्या धगीने चेहरा कायमचा रापलेला. लहानपणी ताईच्या लग्नात हिला खांद्यावर बसवून नाचणारा हाच माणूस. मेव्हणीला बघून त्यांनी मान खाली घातली.

"भाऊजी, कुलूप तुम्ही लावलंत?"

भाऊजी बाकाची कड नखाने खरवडू लागले.

"किल्ली कुठे होती?"

"माझ्याच खिशात. एकच असते. पोलिसांनी घेतली."

"मास्तर पडला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"कँटीनच्या मागे. विडी ओढत होतो."

"वर्ग चालू असताना?"

"कंटाळा आला होता."

तिने त्यांच्या बुटांकडे बघितलं. घोट्यापर्यंत करडा, वाळून तडे गेलेला थर होता. कँटीनच्या मागे फरशी आहे, ती सकाळी तिने पाहिली होती. असला चिखल या अख्ख्या आवारात एकाच ठिकाणी: पार पलीकडच्या टोकाला, कोळशाची राख पाण्यात मुरवायचं ते तळं होतं तिथे. केंद्र बंद झाल्यापासून तिकडे कुत्रंही फिरकत नव्हतं.

"राखेच्या तळ्यावर कशाला गेला होतात?"

भाऊजींनी बूट बाकाखाली ओढून घेतले. तेवढ्यानेच तिला कळलं की नेम बरोबर लागला आहे.

"तुम्हाला तिकडे कोणी पाठवलं?"

"कोणी नाही."

"ताई तिकडे रडून अर्धी झालीय. पोरीचं लग्न ठरलंय. कोणाला वाचवताय?"

भाऊजींनी मान वर केली. डोळ्यांत भीती नव्हती, आणि हेच तिला अजिबात आवडलं नाही. मनाशी काही ठरवून बसलेला माणूस असा दिसतो.

"तू हुशार आहेस, तुला नीट लिहिता येतं," ते शांतपणे म्हणाले. "कार्ड मीच काढलं, कुलूप मीच लावलं, असं लिही. मी सही करतो."

३

मुकादमांना सगळे नुसतं मुकादम म्हणत. बॉयलरच्या प्रत्येक पाळीत त्यांचा शब्द शेवटचा होता, आणि केंद्र बंद झाल्यावरही तो संपला नव्हता; मास्तरचा मदतनीस म्हणून त्यांनाच नेमलं होतं. पांढऱ्या मिशा, हळू बोलणं, समोरच्याला आपण होऊन खुर्ची पुढे करायची सवय. तपासनीसला ते पहिल्या पाच मिनिटांतच आवडले आणि त्याचा तिला मनातून थोडा राग आला.

"कुलूप म्हणजे काय ते आधी समजून घ्या, बाई," ते म्हणाले. भिंतीवर एक फळा होता, त्यावर कामगारांची कुलपं उघडी टांगलेली होती. प्रत्येकाची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. "यंत्रात शिरणाऱ्याने आधी खटक्याला आपलं कुलूप लावायचं. बाहेर आला की आपल्याच हाताने काढायचं. कुलूप दिसलं म्हणजे आत माणूस आहे. ते तोडून यंत्र चालू केलं तर आतल्याचा खिमा होतो. माझ्या उमेदवारीत मी तसा एक बघितलाय. तेव्हापासून पोरांना एकच शिकवलं, जग बुडालं तरी दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही."

"कुलूप लावायला किल्ली लागत नाही. ते नुसतं दाबलं की बसतं."

"बसतं की."

"म्हणजे या फळ्यावरचं कोणाचंही कुलूप कोणीही उचलून लावू शकतं."

मुकादमांनी तिच्याकडे नव्याने बघितलं. "शकतं. पण आमच्यातला कोणी तसं करणार नाही."

"आणि कार्ड?"

"कार्ड!" पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात धार आली. "ते कोणीही काढतं. वाऱ्याने पडतं. मास्तरला मी हात जोडून सांगितलं, बाबा रे, याच्या भरवशावर आत उभा राहू नकोस. तो हसला. चांगला पोरगा होता, शिकवायचा झकास, पण त्याला वाटायचं आपण आलो आणि उजाडलं. सोमवारपासून सगळी कुलपं भंगारात जमा करा म्हणाला. नुसती कार्डं."

"कुलूप दिसल्यावर तुम्हाला काय वाटलं?"

"वाटायचंय काय? पंख्यामागे हवेची मोठी नळी आहे, माणूस रांगत जाईल एवढी. नाव वाचलं आणि वाटलं, आमचा भाबडा आत साफसफाईला शिरलाय. पंखा लावला तर त्याचे तुकडे होतील. दोन पोरांना वर पिटाळलं, त्याला बाहेर काढा म्हणून."

"तुम्ही स्वतः नाही गेलात?"

"मी खटक्यापाशी थांबलो. कोणी वेडेपणा करू नये म्हणून." त्यांनी डोळ्यांवरून हात फिरवला. "एक जीव जात होता, दुसरा वाचवायचा होता. देव कोणावर अशी वेळ आणू नये. तुमचे भाऊजी मला पोटच्या पोरासारखे. नोकरी मी लावली, लग्न मी जमवलं. त्याने हे का केलं, मला कळत नाही."

तपासनीस उठली. दारापर्यंत गेली आणि तिथे तिची पावलं थांबली. भाऊजींनी हे केलं असं तिने अजून एका शब्दाने म्हटलं नव्हतं. मुकादमांनी मात्र ते धरूनच टाकलं होतं.

४

क्रेनवाली मागच्या पायऱ्यांवर एकटीच बसली होती. कोळशाची अवाढव्य क्रेन चालवणारी त्या केंद्रातली ती एकमेव बाई. उकाडा असूनही तिने लांब बाह्यांचा सदरा मनगटापर्यंत बटणं लावून घातला होता.

"मला काही ठाऊक नाही," ती आधीच म्हणाली.

"मी काही विचारलंच नाही अजून." तपासनीस तिच्याशेजारी पायरीवर टेकली. "तुम्ही कुलूप लावायला शिकलात कधी?"

असल्या प्रश्नाची तिला अपेक्षा नव्हती. ती जरा सैलावली.

"पहिल्याच दिवशी. आणि पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. त्या पट्टीला सहा घरं असतात ना, मी आपलं कुलूप पहिल्या घरात घातलं. मुकादमांनी अख्खी पाळी थांबवली. म्हणाले, पहिलं घर मुकादमाचं. सगळ्यांच्या आधी मुकादमाचं कुलूप लागतं, सगळ्यांच्या शेवटी निघतं. ते नसले तरी घर रिकामं ठेवायचं. असं काही झापलं की त्यानंतर आजवर माझा हात कधी तिकडे गेला नाही. कोणाचाच जात नाही. झोपेत लावायला सांगितलं तरी दुसऱ्या घरात लावू."

लाल पट्टी आणि मुठीजवळचं ते पहिलं भोक तपासनीसच्या डोळ्यांपुढे आलं.

"मास्तर पडला तेव्हा हातोडा कोणी उचलला होता?"

क्रेनवालीचा चेहरा बदलला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"दाराजवळ हातोडा पडलेला होता. तो तिथला नाही. आणि त्या गर्दीत घाव घालायची हिंमत एखाद्यातच असणार."

क्रेनवालीने उजव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही वर सारली. मनगटाभोवती काळेनिळे वळ होते, बोटांचे, एकेक बोट वेगळं दिसावं असे.

"माझा हात वर होता," ती म्हणाली. "मला वाटलं, नळीत तुमचे भाऊजी असतील तर ओरडतील, आपण थांबू. पण मास्तर तर समोरच मरतोय. घाव घालणार तेवढ्यात मागून हात धरला."

"कोणी?"

"ते बरोबरच होते. आम्हाला तेच शिकवलंय."

"मी बरोबर-चूक विचारत नाहीये. कोणी?"

क्रेनवालीने बाही खाली ओढली. "तुम्हाला आमच्यात राहायचं नाही, बाई. मला राहायचंय," असं म्हणून ती उठून गेली.

५

दुपार कलली तेव्हा तपासनीसने सगळ्यांना सभागृहात बोलावलं. एकेकाळी इथे वीज करणारी जनित्रं घरघरत असायची. आता त्यांच्या चौथऱ्यांवर शिकाऊ लोकांसाठी खटक्यांची एक लांब रांग बसवलेली होती. पोलीस अधिकारी भाऊजींना घेऊन आला. त्यांच्या हातातल्या बेड्या बघून माणसांची कुजबुज थांबली.

"अहवाल तयार आहे ना?" संचालकांनी घड्याळ बघत विचारलं.

"होतोय." ती कामगारांकडे वळली. "प्रत्येकाने एकेक खटका घ्या, फळ्यावरचं आपलं कुलूप आणा आणि रोजच्यासारखं लावा. यांच्या बेड्या काढा, यांनाही लावू दे. यांचं कापलंय, तेव्हा भांडारातलं एक द्या. मुकादम, तुम्हीसुद्धा."

खटाखट कुलपं बसली. तपासनीस रांगेच्या एका टोकापासून चालत निघाली. दुसरं घर. दुसरं घर. क्रेनवालीचं दुसरं घर. भाऊजींचं, भांडारातून आणलेलं, तेही दुसरं घर. सगळ्यांनी पहिलं रिकामं सोडलं होतं. शेवटच्या खटक्यापाशी मुकादम उभे होते आणि त्यांचं कुलूप पहिल्या घरात होतं.

तिने पुराव्याच्या पिशवीतून ती लाल पट्टी काढून वर धरली.

"हे कुलूप भाऊजींचं आहे. पण ते पहिल्या घरात आहे."

एक बारीक आवाज माणसांतून फिरला. ज्यांना कळायचं त्यांना तेवढ्यात कळलं. संचालकांना कळलं नाही, म्हणून तिने पहिल्या घराचा नियम त्यांना सांगितला.

"पाहुणे आणि तुम्ही काचेला नाक लावून एकमेकांशेजारी उभे होतात, म्हणजे तुमच्यापैकी कोणी नाही. राहिले कामगार. त्यांचा हात पहिल्या घराकडे जात नाही. इथे एकच हात असा आहे की जो दुसरीकडे कुठे जात नाही."

मुकादम हसले, थकलेलं हसू. "म्हणून कोणीतरी मुद्दाम तिथे लावलं, माझ्यावर यावं म्हणून. एवढं साधं तुम्हाला सुचत नाही, बाई?"

"सुचलं होतं. पण तसं करणारा तुमचं कुलूप लावेल, भाऊजींचं कशाला? बरं, ज्याचं कुलूप लावायचं तो तिथे नको, नाहीतर तो किल्ली काढून क्षणात उघडेल. भाऊजी तेव्हा राखेच्या तळ्यावर होते, बूट अजून साक्ष देताहेत. तिथे आता काही काम नाही. कोणी सांगितल्याशिवाय कोण जाईल? चालू वर्गातून माणसाला पाठवायचा अधिकार दोघांना होता. त्यातला एक काचेच्या पलीकडे होता."

"त्याने सांगितलं, मी पाठवलं म्हणून?" मुकादमांनी भाऊजींकडे बघितलं.

भाऊजी जमिनीकडे बघत होते.

"नाही सांगितलं," तपासनीस म्हणाली. "ते फासावर गेले असते तरी सांगितलं नसतं. तुम्हाला ते पक्कं माहीत होतं, म्हणून तर फळ्यावरच्या एवढ्या कुलपांतून तुम्ही यांचंच उचललंत. आत यांचे तुकडे होतील अशी भीती वाटली म्हणता. मग तुमचा माणूस नळीत अडकलेला असताना तुम्ही नळीकडे का धावला नाहीत? तुम्ही खटक्यापाशी उभे राहिलात, कारण नळी रिकामी आहे हे त्या सगळ्या माणसांत एकट्या तुम्हाला ठाऊक होतं."

क्रेनवाली रांगेतून पुढे आली. तिने बाही वर केली आणि हात मुकादमांच्या समोर धरला.

"हात तुमचा होता, मुकादम. मी म्हटलं, नियम आहे, धरणारच. पण तुम्ही सोडलात कधी, ते मी दिवसभर आठवतेय. मास्तरचे पाय थांबले, तेव्हा सोडलात."

मुकादम त्या वळांकडे बघत राहिले. त्यांच्या मिशा हलल्या.

"मला फक्त दाखवायचं होतं," शेवटी ते म्हणाले. "कार्ड कोणीही काढतं हे मास्तरच्या डोक्यात शिरावं. चालता चालता दोन बोटांनी काढलं, कोणाचं लक्षसुद्धा नव्हतं. आयुष्यभर ज्या कुलपांनी या पोरांना जिवंत ठेवलं ती हा भंगारात घालणार होता, आणि मला म्हणाला, आजोबा, तुम्हीही आता विश्रांती घ्या. सगळ्यांसमोर म्हणाला. तो घाबरला असता, जरा गुदमरला असता, तेवढं बस होतं. मग मी पंखा लावणार होतो."

"कसा लावणार होतात?" तपासनीसने विचारलं. "किल्ली तर तुम्ही राखेच्या तळ्यावर पाठवून दिली होती."

मघाशी मागून कोणीतरी मुकादमांसाठी खुर्ची सरकवली होती; त्याने ती तशीच परत ओढून घेतली.

६

संचालक खूश झाले. यंत्र निर्दोष होतं, वर्ग सोमवारपासून सुरू करता येणार होते, आणि तसं ते त्याच दमात, तिथल्या तिथे सांगूनही मोकळे झाले. कोणी ऐकत नव्हतं. माणसं एकेक करून आपापल्या खटक्यापाशी गेली आणि कुलपं काढून घेऊ लागली, पण फळ्यावर परत कोणी टांगली नाहीत. प्रत्येकाने आपलं खिशात घातलं. जाताना शेजारच्याच्या हातांकडे बघत गेली. तपासनीसला ते बघून बरं वाटलं नाही. उद्या यातलाच एखादा पंख्याच्या नळीत शिरेल, बाहेर त्याचं कुलूप असेल, आणि ते बघणाऱ्याच्या मनात येईल की हे खरं कशावरून.

भाऊजींना घेऊन ती घरी निघाली. वाटेत तिने दोनदा बोलायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा गिळून टाकला. गल्लीच्या तोंडाशी भाऊजीच थांबले.

"त्यांना खाणंपिणं देतील ना आत? त्यांना साखरेचा त्रास आहे," ते म्हणाले.

तिला संतापाने रडू आलं. "भाऊजी, त्या माणसाने तुमचा बळी द्यायचं ठरवलं होतं. दुसऱ्या कोणाचा नाही, तुमचा."

"ते कळलं मला. परत आलो, कुलूप बघितलं, तेव्हाच कळलं."

"तेव्हाच?"

"माझा बाप गेला तेव्हा मी एवढासा होतो. तेव्हापासून मुकादमच," भाऊजी म्हणाले, आणि पुढे काही न सांगता चालू लागले.

ताई दारात उभी होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली असावी. तिने केस विंचरले होते, धुतलेली साडी नेसली होती. नवऱ्याला बघताच ती पुढे झाली, त्याचे दंड, खांदे, तोंड चाचपून बघितलं, मग रडता रडता हसली. लेक आतून धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली. तपासनीस ओट्यावरच थांबली. हेच बघायला ती दिवसभर धावली होती.

"मला माहीत होतं तुम्ही बोलाल," ताई डोळे पुसत म्हणाली. "म्हटलं, पोरीकडे बघून तरी हा माणूस तोंड उघडेल. शेवटी सांगितलंत ना खरं?"

तपासनीसने घाईने म्हटलं, "ताई, आधी आत तर चल."

पण भाऊजींना आयुष्यात कधी खोटं नीट जमलं नव्हतं.

"मी नाही सांगितलं," ते म्हणाले. "धाकटीने शोधलं. मी सही करणार होतो."

ताईचा हात त्यांच्या दंडावर होता. तो तिने काढला नाही, पण ती नवऱ्याकडे असं बघायला लागली की जणू हा माणूस पत्ता विचारायला दारात आलाय.

"आमचं काय होईल ते मनात आलं होतं?"

"आलं होतं."

"तरीही?"

भाऊजींनी मान डोलावली. लेकीने हळूच गळ्यातले हात सोडले आणि आईच्या बाजूला जाऊन उभी राहिली. आत चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा वास आला. बघायला कोणी गेलं नाही.

"एकच विचारते," ताई म्हणाली. आवाज शांत होता, चौकीत भाऊजींचा होता तेवढाच. "उद्या ते मुकादम सुटून आले, आणि समोर उभं राहून म्हणाले, चल, तर जाल?"

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि ते गप्प राहिले.